चावणे सोपे, सोडणे अवघड

जर्मनीतल्या आपोल्डा गावचे डोबरमान करवसुली करत. वसुलीला जाताना सोबत दात असलेले बरे, म्हणून १९व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी कुत्र्याची नवी जातच घडवली. मिश्रण कशाकशाचे, याची धड नोंद मात्र ठेवली नाही; हिशेबाची शिस्त बहुधा करदात्यांसाठी राखीव असावी.

आजच्या नव्या जाती घडवणाऱ्यांचे उलटे. वंशावळ चकचकीत, नाव भारदस्त, फोटोत जबडा वासलेला. परीक्षा तेवढी राहून गेली. म्हणे, ‘रखवाली रक्तातच आहे!’ रक्त प्रयोगशाळेत तपासता येते, रखवालीला मैदान लागते. जर्मनांची शुट्झहुंड परीक्षा त्यासाठीच: माग काढणे, आज्ञा पाळणे, संरक्षण. बंदुकीच्या आवाजाला शेपूट पायांत जाता कामा नये. आणि हल्लेखोराचे सोंग घेतलेल्या माणसाची जाड बाही नुसती पकडून भागत नाही, हुकूम होताच सोडावीही लागते. ही अट वसुलीवाल्यांना घातली असती, तर बरेच नापास झाले असते.

शिवाय एक कुत्रा पास झाला म्हणून जात पास होत नाही. त्याला पिढ्या जाव्या लागतात. तोवर नवी जात एकाच गोष्टीची चोख राखण करते: विकणाऱ्याच्या गल्ल्याची.