कॅमेरा, कोथिंबीर आणि सूर्यमाळ

‘टीव्हीवरचे भावोजी’ म्हटलं की महाराष्ट्राला २००४ पासून एकच माणूस आठवतो आणि त्याच्या हातात पैठणी असते. आमच्या घरातले भावोजी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर आले. त्यांच्या हातात उलथणं होतं. भावोजी एका हॉटेलात शेफ आहेत. तिथे रोज सकाळी शेकडो लोकांच्या पोटात ते ऑम्लेट आणि क्रोसाँ घालतात आणि घरी येऊन चहात खारी बुडवतात. अशा माणसाला एका वाहिनीनं ‘शेफच्या घरची न्याहारी’ दाखवायला बोलावलं, तेव्हा सगळ्यात जास्त उत्सुकता ताईला होती. आपल्या घरात न्याहारी काय असते, हे तिलाही एकदा नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

भावोजींनी तांदळाची उकड, फोडणीची पोळी आणि थालीपीठ दाखवलं. तिन्ही ताईची. उकडीच्या ताकात पीठ कालवताना गुठळी होऊ द्यायची नाही आणि फोडणीत लसूण जरा लाल होऊ द्यायचा, हे बारकावेसुद्धा ताईचेच. फक्त उकडीला त्यांनी ‘महाराष्ट्रीय पोलेंटा’ म्हटलं, ते त्यांचं स्वतःचं. फोडणीच्या पोळीला ‘शिळी पोळी’ म्हणायला निर्मात्यानं बंदी केली. सकाळी सकाळी लोकांना शिळं ऐकवू नका, म्हणे. मग भावोजी ‘कालपासून विश्रांती घेतलेली पोळी’ म्हणाले. ताई अजून त्यांना रविवारी दुपारी उठवताना हेच विशेषण वापरते.

कार्यक्रम गाजला. सोसायटीत लोक भावोजींना लिफ्टमध्ये गाठून इडली का फुगत नाही ते विचारू लागले. वाहिनीनं पुन्हा बोलावलं, पण या वेळी ‘भरडधान्याचं काहीतरी’ हवं होतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून, आजवर जिला फक्त बाळं आणि आजारी माणसं ओळखत होती, ती नाचणी एकदम पाहुणीच्या खुर्चीत जाऊन बसली आहे. भावोजींनी जाहीर केलं, ‘‘नाचणीचं मूळ शोधायचं. सूर्यमाळला जायचं.’’ ताई म्हणाली, ‘‘मूळ वाण्याकडे मिळतं.’’ पण तिकिटं निघाली होती. सामान उचलायला मी होतो.

सूर्यमाळ मोखाडा तालुक्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा ते ठाण्यातून पालघरमध्ये गेलं, अर्थात जागचं न हलता. आम्हाला मात्र बरंच हलावं लागलं. मध्य रेल्वेची लोकल जिथे हात टेकते त्या कसाऱ्याला उतरायचं, कारण पुढचा घाट चढायला गाड्यांनाही मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. स्टेशनबाहेर भावोजींनी वडापाव घेतला आणि डोळे मिटून ‘टेक्स्चर’ म्हणाले. वडेवाला म्हणाला, ‘‘ते संपलं. सुकी चटणी देऊ?’’

खोडाळ्याच्या जीपमध्ये माणसं मोजून नाही, दाबून भरतात. मागच्या बाकावर माझ्या मांडीवर भावोजींची सुऱ्यांची पेटी होती आणि भावोजींच्या मांडीवर एका आजोबांची कोंबडी. घरची न्याहारी दाखवणाऱ्या शेफकडे ती ज्या नजरेनं बघत होती, त्यावरून तिनं तो कार्यक्रम पाहिला असावा. वाटेत विहीगाव लागलं. इथल्या धबधब्यावर २००१ च्या ‘अशोका’ चित्रपटाचं चित्रीकरण झालं आणि तेव्हापासून लोक त्याला ‘अशोका धबधबा’च म्हणतात. ‘‘बघा,’’ भावोजी म्हणाले, ‘‘एकदा कॅमेऱ्यासमोर आलं की ओळख बदलते.’’ ताई म्हणाली, ‘‘तो निदान नंतरही वाहतोय.’’

वैतरणेवरचा पूल ओलांडून खोडाळ्याला पोचलो. तिथे मोबाइलची रेंज जाते आणि भावोजींची कीर्तीही. आपला भाग लोकांना दाखवायला त्यांनी फोन उंच धरला, झाडाखाली धरला, एका दुकानाच्या पायरीवर चढून धरला. दुकानदारानं विचारलं, ‘‘वारा बघताय का?’’

दिवाळी नुकतीच झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतारावर खुरासणीची पिवळी फुलं होती. सूर्यमाळची हवा थंड होती आणि स्वेटर ताईनं फक्त स्वतःचा आणला होता. ओळखीनं एका घरी उतरायची सोय झाली होती. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली ओसरी आणि ओसरीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगातली वारली चित्रं. भावोजींना ती ‘बॅकग्राउंड’ म्हणून फारच आवडली. मी नीट पाहिली तेव्हा त्यात एकाच वेळी बरंच काही चाललेलं दिसलं. कुणी लावणी करतंय, कुणी मुसळानं कांडतंय, कुणी जात्यावर बसलंय, चूल पेटलीय आणि मध्ये तारप्याभोवती नाच. एका पदार्थाला लागणारी सगळी माणसं तिथे एका चौकटीत मावली होती. टीव्हीच्या चौकटीत फक्त शेवटची कोथिंबीर मावते.

रात्री चुलीपाशी बसून भावोजींनी घरच्या मावशींना टीव्हीचे अनुभव सांगितले. तोंडाला रंग लावतात. कांदा आधीच चिरलेला असतो, पण डोळे पुसायचे असतात. थालीपीठ तव्यावर टाकायचं, झाकण ठेवायचं आणि ‘हे मी आधीच करून ठेवलंय’ म्हणत ओट्याखालून दुसरं काढायचं. निवेदिका घास तोंडात जायच्या आतच ‘वाऽऽ’ म्हणते, कारण चावत बसायला वेळ नसतो.

याला परंपरा आहे, असंही त्यांनी सांगितलं. १९९३ मध्ये संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला. त्याचं नाव आधी ‘श्रीमान बावर्ची’ ठरत होतं. पुढे मराठीत ‘आम्ही सारे खवय्ये’नं घरोघरच्या गृहिणींना स्टुडिओच्या ओट्यापाशी उभं केलं. विष्णू मनोहर यांनी तर एप्रिल २०१७ मध्ये नागपुरात सलग ५२ तासांहून अधिक वेळ स्वयंपाक केला.

‘‘बावन्न तास?’’ मावशींना पहिल्यांदाच विषयात रस वाटला. ‘‘घरी लगीन होतं का?’’

‘‘नाही, विक्रम होता.’’

‘‘हां,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आमच्यात लगीन असलं की होतंच तेवढं.’’

सकाळी उजाडायच्या आत भावोजी ॲप्रन बांधून तयार. नाचणीला इथे नागली म्हणतात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे त्यांनी मावशींना सांगितलं. मावशींनी तोपर्यंत दोन हंडे पाणी आणून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांच्या हाडांची काळजी भावोजींनी करण्याचं कारण नव्हतं. ‘‘आजची भाकरी मी करतो,’’ ते म्हणाले. पेटीतून त्यांनी वजनकाटा काढला. १९७० साली कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप देऊन महाराष्ट्राची काटा-किलोतून सुटका केली, तरी शेफ मंडळींपर्यंत ती बातमी अजून गेलेली नाही.

पीठ तोलून झालं, गार पाण्यात मळून झालं, पोळपाटावर लाटून झालं. मग ते उचलायची वेळ आली. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरीचे पालघर जिल्ह्यात आहेत तेवढे तालुके झाले. भावोजींनी सवयीनं ओट्याखाली हात घातला. खाली ओटा नव्हता. कोंबडी होती.

‘‘भाऊ, सरका,’’ मावशी म्हणाल्या. त्यांनी पाण्याला उकळी आणली, त्यात पीठ घालून हाटलं, वाफ धरू दिली, मग गरमगरम मळून ओल्या हातांनी थापलं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला, बोटांनीच उलटली आणि शेवटी निखाऱ्यांपाशी उभी केली. भाकरी फुगली. सोबत खुरासणीची चटणी आणि उडदाची दाट आमटी. ताईनं पहिला घास घेतला, चावला, गिळला आणि मग म्हणाली, ‘‘वा.’’ एकच, आखूड.

भावोजी वहीत लिहायला लागले. ‘‘छान. सात मिनिटांत बसवता येईल.’’

मावशींनी विचारलं, ‘‘काय सात मिनिटांत?’’

‘‘ही भाकरी. टीव्हीवर.’’

‘‘आणि दळण?’’

‘‘पीठ पाकिटात येतं.’’

‘‘लाकडं?’’

‘‘गॅस असतो.’’

‘‘पाणी?’’

‘‘असतं की तिथे. नळाला.’’

‘‘ते इथनंच जातं,’’ मावशी म्हणाल्या. खरंच होतं. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे आणि याच तालुक्यात उन्हाळा आला की टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. मावशींनी हे रागानं सांगितलं नाही. त्या भाकरी उलटत होत्या.

‘‘मग भाऊ, तुम्ही तिथं काय करता?’’

भावोजींनी बराच विचार केला. ‘‘बोलतो,’’ ते म्हणाले.

मग मावशी बोलल्या. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा. पावसाच्या तोंडावर त्यात नागली पेरायची. रोप वर आलं की भर पावसात उतारावर, वाकून, एकेक लावायची. रानडुकरं राखायची. दिवाळीच्या आगेमागे कणसं खुडायची, वाळवायची, झोडायची, पाखडायची. घरापुरती दळायची, उरली तर विकायची. भावोजींनी वहीत ‘कृती’ या शब्दाखाली लिहायला सुरुवात केली होती. राब संपेपर्यंत पान संपलं. लावणीपर्यंत दुसरं संपलं. रानडुकरांपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि भाकरी खाल्ली. लग्नानंतर प्रथमच त्यांनी न्याहारीचा पदार्थ न बोलता संपवलेला मी पाहिला. मग त्यांनी दुसरी मागितली आणि तिसरीही.

‘‘हे सगळं दाखवायला हवं,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘राबापासून. पाच महिन्यांचा कार्यक्रम होईल.’’

‘‘जाहिराती फार येतील,’’ मी म्हणालो.

‘‘एक राहिलं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘टीव्हीवर एवढं रांधता, खाता, वाऽऽ म्हणता. मग भांडी कोण घासतं?’’

‘‘असतात मुलं,’’ भावोजी म्हणाले आणि हे वाक्य ताईसमोर बोलायला नको होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ताईनं काही म्हटलं नाही. तिनं परात, तवा, आमटीचं पातेलं आणि तीन ताटं एकावर एक रचली, वर मूठभर राख ठेवली आणि तो सगळा डोलारा नेऊन अंगणात त्यांच्यापुढे ठेवला. मावशींनी पाणी मोजून दिलं. अर्धी बादली.

भावोजींनी ॲप्रन पुन्हा घट्ट बांधला. आजूबाजूच्या घरांतली पोरं जमली. प्रेक्षक दिसताच त्यांचा आवाज आपोआप उंचावला. ‘‘नमस्कार मंडळी! आज आपण पाहणार आहोत नागलीच्या पिठाची परात. साहित्य : चुलीतली राख एक मूठ, नारळाची शेंडी, पाणी बेताचं. पीठ वाळून घट्ट बसलंय, म्हणून आधी थोडं भिजू द्यायचं...’’

‘‘आणि आधीच घासून ठेवलेली कुठंय?’’ गर्दीतल्या एका मुलीनं विचारलं. तिच्या घरी टीव्ही असावा.