चालकाच्या डावीकडे

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला एकाच्या जागी दोन दिसायला लागलं, तर ते चटकन लक्षात येत नाही. एका खड्ड्याला लागून दुसरा खड्डा दिसला, तर माणूस डोळ्यांवर संशय घेत नाही, कंत्राटदारावर घेतो. मेट्रोचे खांब जोडीनं दिसले, तर काम जोरात चाललंय असं वाटतं. मला खरी शंका आली ती मुलुंड पूर्वेला, आमच्याच बिल्डिंगच्या गेटवर. तिथे वॉचमन दोन उभे होते. एका वॉचमनचा पगार मंजूर करताना आमची सोसायटी किती चर्चा करते हे मला ठाऊक असल्यामुळे मी तडक डोळ्यांचा दवाखाना गाठला.

घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर बोट धरलं. "काका, मान हलवायची नाही. फक्त बोटाकडे बघा." बोट उजवीकडे गेलं तेव्हा एकच होतं. डावीकडे सरकायला लागलं तसं त्याला भावंड झालं, आणि जितकं डावीकडे, तितकं ते भावंड वेगळं राहायला लागलं. निदान झालं: डाव्या डोळ्याच्या सहाव्या नसेचा लकवा. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यातल्या या सहावीकडे डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा एक स्नायू सांभाळण्याचं काम असतं. एकच स्नायू, आणि तोही तिनं सोडला. कारण माझी साखर. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, नसेला रक्त कमी पडतं आणि ती संपावर जाते. दुसरं काही नाही ना, याची एमआरआयनं खात्री झाल्यावर बाईंनी दिलासा दिला, की अशा बहुतेक नसा तीनेक महिन्यांत आपोआप कामावर येतात.

"गाडी चालवता?"

"रोज. मुलुंड ते अंधेरी, जेव्हीएलआरनं, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं."

"आता नाही चालवायची."

"कधीपर्यंत?"

"ते नस सांगेल."

तोवर एका डोळ्यावर पट्टी लावायची. एक डोळा झाकला की दुसरं चित्र जातं, पण त्याबरोबर खोलीचा अंदाजही जातो. चहा कपाच्या बाहेर ओतला जातो, जिन्याची शेवटची पायरी असते तिथे नसते. म्हणजे पट्टी लावून गाडी चालवेन म्हटलं, तर तीही वाट बंद.

बातमी पसरल्यावर सोसायटीतल्या प्रत्येक पुरुषानं मला एकच विनोद ऐकवला. "मग काय, दोन-दोन बायका दिसत असतील!" आपल्याला तो पहिल्यांदाच सुचला असा प्रत्येकाचा चेहरा. मी वैद्यकीय उत्तर देत असे. या आजारात जवळचं एकच दिसतं, लांबचं दुप्पट होतं. त्यामुळे बायको घरात एकच असते. ती भाजी घेऊन कोपऱ्यावरून येताना दोन होतात, आणि तेव्हा दोन्ही बायकांच्या हातात पिशव्या असल्यामुळे मी एका डोळ्यावर हात ठेवून खाली धावतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र धीर द्यायला थेट पतौडी काढला. १९६१ साली इंग्लंडात मोटारीच्या अपघातात मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्यात काच घुसली. पुढे त्यांना चेंडू दोन दिसायचे, आणि ते त्यातला आतला मारायचे. नाहीतर टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळायचे. जानेवारी १९६२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध शतक, मार्चमध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार. "आणि तुला साधी वॅगनआर चालवता येत नाही?"

मी म्हटलं, "आजोबा, पतौडींचा अंदाज चुकला तर स्टंप उडायचा. तोही त्यांचा स्वतःचा."

तरी आजोबांचं बोलणं डोक्यात राहिलं, म्हणून मी कायद्याकडे वळलो. लायसन्स काढताना फॉर्म १ भरतात. चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो ते वेगळं, पण फॉर्म १ मध्ये आपली तब्येत आपणच जाहीर करायची असते. त्यातला डोळ्यांचा प्रश्न असा, की चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्यानं वाचता येते का? मी खाली जाऊन अंतर मोजलं. उजवा डोळा झाकला, एमएच ०३ स्वच्छ. डावा झाकला, एमएच ०३ स्वच्छ. दोन्ही उघडले, तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागाच उरली नाही. पण दोन्ही डोळ्यांना मिळून काय दिसतं, हे त्या प्रश्नात विचारलेलंच नाही! लाल-हिरवा रंग ओळखता येतो? येतो, दोन-दोन येतात. रातांधळेपणा? नाही. फिट येते? नाही. ऐकू कमी येतं? याबाबत घरात दोन मतं आहेत. असा मी जवळजवळ पास होत आलो होतो, आणि शेवटी एक प्रश्न आडवा आला. तुमच्या गाडी चालवण्यानं लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार किंवा व्यंग आहे का? असल्यास तपशील द्या.

हा प्रश्न ज्यानं घातला त्याला मी मानतो. त्यानं पतौडी आणि पंचवीस मीटर दोन्ही निकालात काढले. शरीर ठीक नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंत दंड आहे म्हणा, पण पवईच्या सिग्नलला कुठला हवालदार माझ्या नसा तपासणार होता? आरोपी मी, हवालदार मी आणि साक्षीदारही मीच. म्हणून किल्ली बायकोकडे गेली.

तिच्याकडे लायसन्स होतं. कित्येक वर्षं ते पाकिटात पॅनकार्डामागे सुखात होतं. ते बाहेर आलं आणि मी चालकाच्या डावीकडे बसू लागलो. डाव्या नसेचा रुग्ण नकळत तोंड डावीकडे वळवतो आणि डोळे उजवीकडे ठेवतो, कारण उजवीकडे पाहिलं की जग एकच दिसतं. परिणामी गाडीत माझं तोंड खिडकीकडे आणि नजर तिच्या स्पीडोमीटरवर. "अहो, रुसून बाहेर बघायचं असेल तर पूर्ण बघा," ती म्हणाली. "तोंड तिकडे आणि लक्ष इकडे, हे मी तुमच्या आईंचं काढलंय, तुमचं नाही काढणार." नसेचा नकाशा काढून दाखवला तरी तिचा विश्वास बसला नाही. गाडी मात्र ती माझ्यापेक्षा कमी हॉर्न वाजवून चालवते.

ती नसेल तेव्हा रिक्षा. पट्टी लावलेली नसली की मला लांबून दोन रिकाम्या रिक्षा येताना दिसायच्या आणि मी नेमका नसलेल्या रिक्षेला हात करायचो. असलेलीही थांबत नसे, त्यामुळे फरक पडला नाही.

ऑफिसला लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रो. घाटकोपर ते वर्सोवा ही ११.४ किलोमीटरची मेट्रो २०१४ पासून धावतेय, आणि मी इतकी वर्षं तिच्या काही मिनिटांच्या अंतरासाठी जेव्हीएलआरवर क्लच दाबत होतो. घाटकोपरच्या पुलावर डोळे लागतच नाहीत. गर्दी आपल्याला उचलून योग्य फलाटावर ठेवते. शिवाय पट्टीचा मान मोठा. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी उमर घालवलेल्या मला एका कॉलेजच्या मुलानं खिडकी दिली. पुढच्या आठवड्यात पट्टीची गरज जरा कमी झाली होती, तरी लोकलमध्ये मी ती लावत असे.

भाऊबीजेला ताईकडे बोरिवलीला जायचं होतं. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला बिबट्या हे अंतर पायी जातो, लायसन्सविना. माणसानं मात्र वळसा घालायचा, कारण मध्य आणि पश्चिम रेल्वे माझ्या डोळ्यांसारख्या, दादर येईपर्यंत एकमेकींना भेटत नाहीत. मी लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, पूल ओलांडून गुंदवली आणि पुढे मेट्रो सातनं देवीपाडा असा पोचलो. ताईनं पट्टी बघून ओवाळतानाच रडायला घेतलं, आणि मग साखरेचं कळल्यावर माझ्या ताटातली करंजी काढून घेतली. रडणं त्यानंतर माझ्याकडे आलं.

आता नस कामावर रुजू झाली आहे. बोट डावीकडे शेवटपर्यंत नेलं तरी एकच राहतं, आणि बाईंनी गाडीला परवानगी दिली आहे. बायकोनं अजून दिलेली नाही.

साखर असेल तर वर्षातून एकदा डोळे दाखवा, हे डॉक्टर सांगतीलच. मी एवढंच सांगतो, की उद्या सकाळी आपल्या गाडीपासून पंचवीस मीटर, म्हणजे सहा-सात गाड्यांच्या अंतरावर उभे राहा. प्लेट एकेका डोळ्यानं वाचा, मग दोन्हींनी. प्लेटा दोन दिसल्या तर किल्ली घरातल्या दुसऱ्या लायसन्सवाल्याकडे द्या, आणि बसायचं ते मागच्या सीटवर बसा. पुढे बसलं की बोलल्यावाचून राहवत नाही.