बुडीत खातं

बँकेत बुडीत कर्जं वसूल करण्यात माझी बावीस वर्षं गेली. बुडणारा माणूस आपल्याला लांबून ओळखता येतो, असा माझा समज होता. गेल्या ऑक्टोबरात तो ऋषिकेशला वाहून गेला.

कयाकिंगची तयारी दांडगी होती. पुण्याच्या स्विमिंग टँकमध्ये 'रोल' शिकलो. कयाक उलटली की आत बसल्याबसल्या पॅडल फिरवायचं, कंबरेला झटका द्यायचा आणि सरळ व्हायचं. डोकं मात्र सगळ्यात शेवटी वर काढायचं. मग कोलाडला कुंडलिका केली. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं तेवढा वेळच ती खवळते, नंतर पुन्हा शहाण्यासारखी वाहते. नदीला ऑफिसची वेळ असते, हे मी तिथून मनात धरून आलो.

निघताना आईने हातात रिकामी बाटली दिली. "गंगाजल आण. तेवढं तरी विसरू नकोस."

शिवपुरीहून निघालो. 'रिटर्न टु सेंडर' नावाच्या खळाळाने मला परत पाठवलं नाही, 'रोलर कोस्टर'ने नुसतं हलवून पाहिलं. मी गुणगुणायला लागलो. तेवढ्यात आमचा नेपाळी इन्स्ट्रक्टर ओरडला, "सर, आगे गोल्फ कोर्स! होल बहुत हैं!" होल म्हणजे खडकावरून पडून पाणी जिथे मागे उलटं वळतं ती जागा. तिथे पाण्यालाच पुढे जायचं नसतं, माझं काय घेऊन बसलात!

उलटलो. हिरवा अंधार, बर्फासारखं पाणी आणि कानात पिठाची गिरणी. पहिल्यांदा डोकं आधी वर काढलं, फसलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा चक्क सरळ झालो! किनाऱ्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अभिवादन म्हणून मी पॅडल उंच धरलं. पॅडल पाण्याबाहेर गेलं की आधारही जातो, हे फी भरून शिकलेलं त्या क्षणी आठवलं नाही.

चौथा प्रयत्न केला नाही. कंबरेचा रबरी घागरा, म्हणजे स्प्रे-डेक, त्याची दोरी खेचली आणि "आई गं!" करत बाहेर आलो.

"अगं, हे तर आपल्यातले!" जवळच्या राफ्टवरून आवाज आला. डोंबिवलीचं महिला मंडळ होतं. "काका, उताणे व्हा, पाय पुढे करा!" दोघींनी जॅकेटचे पट्टे धरून मला पोत्यासारखं आत ओढलं.

"पण काका, मगाशी पॅडल कशाला वर केलंत?"

मी खोकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी विमानाने घरी आलो. बाटली रिकामीच. आईची समजूत घालावी म्हणून दारातच नमस्काराला वाकलो, तर कालपासून नाकाच्या पोकळीत साठलेलं पाणी धार लागून तिच्या पावलांवर.

आईने पाय मागे घेतले. "बाटलीतून आण म्हटलं होतं रे."