पिक्सेल सोडा, हर्ट्झ विचारा

प्लेस्टेशन ५ बाजारात आला नोव्हेंबर २०२० मध्ये. खोक्यावर ठळक छापलं होतं, ८के. २०२४ च्या मध्यावर गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं की नव्या खोक्यांवर ते उरलेलंच नाही. मधल्या काळात ८केच्या नावाने काय मिळालं? 'द टूरिस्ट' हा छोटेखानी गेम २०२१ मध्ये आतल्या आत ८केत चित्र काढू लागला म्हणून बातम्या झाल्या. पण कन्सोल ते चित्र टीव्हीला पाठवत होता ४केतच! तीन-साडेतीन वर्षं खोक्यावर मिरवलेल्या आकड्याची ही कमाई.

म्हणून निकाल आधीच सांगते. कन्सोलसाठी टीव्ही घेताय? ४के घ्या आणि रेझोल्युशनचा विषय तिथेच मिटवा. ८केपायी एक रुपयाही जास्त मोजू नका. दुकानातला मुलगा म्हणेल, "मॅडम, फ्युचर-प्रूफ आहे." ते भविष्य येईल तेव्हा हा टीव्ही भंगारात गेलेला असेल.

डोळ्यांचा हिशेब करा. निरोगी नजरेला दोन ठिपके सुटे दिसायला त्यांच्यात अंशाचा साठावा भाग तरी अंतर लागतं. ६५ इंची पडद्यावर ८केचे ठिपके सुटे दिसावेत, तर पडद्यापासून दोन फुटांवर बसावं लागेल. ४केचे ठिपके चार-सव्वाचार फुटांनंतर एकमेकांत मिसळतात. आपल्या फ्लॅटमधला सोफा असतो सहा-सात फुटांवर. तिथून ८केचे ३ कोटी ३२ लाख पिक्सेल आणि ४केचे ८३ लाख यांतला फरक गरुडालाच दिसेल. खरं तर त्या अंतरावरून फुल एचडी आणि ४के यांतला फरकही थोडाच दिसतो. मग ४के तरी का? कारण चांगलं पॅनेल, जलद पोर्ट आणि कामाचा एचडीआर आता ४के टीव्हीतच मिळतो. ४के हे त्याच्याबरोबर येतं, म्हणून घ्यायचं.

आणि कन्सोल तरी खरं ४के कुठे काढतो? २०२३ सालचा 'इमॉर्टल्स ऑफ अ‍ॅव्हियम' घ्या. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर हा गेम आत चित्र काढतो ७२०पीमध्ये, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास पिक्सेल. मग सॉफ्टवेअर ते ताणून ४केपर्यंत नेतं. गुणाकार करून पाहा, प्रमाण बरोबर नवास एक पडतं. म्हणजे पडद्यावरच्या नऊ ठिपक्यांपैकी एकाचंच काम त्या क्षणी झालेलं असतं. बाकीचे आठ आधीच्या फ्रेमांच्या आधाराने भरलेले. हे तंत्र हुशारीचं आहे, मला त्याबद्दल आदरच आहे. पण जिथे ४केच असं जुळवून आणावं लागतं, तिथे ८केच्या टीव्हीला कन्सोल खाऊ काय घालणार?

खेळणाऱ्यांनी तर कौल केव्हाच दिलाय. बहुतेक मोठ्या गेममध्ये दोन मोड असतात. एकात चित्र देखणं पण सेकंदाला ३० फ्रेम, दुसऱ्यात चित्र जरा कमी पण ६० फ्रेम. सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो सादर करताना त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितलं की खेळाडू साधारण चारपैकी तीन वेळा दुसरा, परफॉर्मन्स मोड निवडतात. साहजिक आहे. ३० फ्रेमला एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १७, १२० ला आठच्या जरा वर. फुटबॉलमध्ये पास देताना, गाडी वळवताना, गोळी चुकवताना हाताला जाणवतो तो हा फरक. ठिपके त्या वेळी कोण मोजतं?

तर पैसे लावायचे ते इथे. पॅनेल १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम दाखवणारं, आहे का, हे विचारा, आणि 'नेटिव्ह' हा शब्द वापरून विचारा. कारण खोक्यावर 'मोशन रेट' म्हणून मोठ्ठा आकडा असतो आणि आत पॅनेल निघतं ६० हर्ट्झचं. ही फसवणूकच आहे, तिला जाहिरात म्हणायची माझी तयारी नाही.

दुसरी मेख पोर्टात. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात. ४के ६० फ्रेमला तेवढे पुरतात. ४के १२० ला २.१ लागतं, त्याची कमाल ४८. पण नुसतं '२.१' वाचून हुरळून जाऊ नका. त्या नियमावलीत बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे १२० हर्ट्झ न देणाऱ्या पोर्टवरही '२.१' छापता येतं. टीव्हीच्या मागे वाकून बघा. बऱ्याच टीव्हींत चार पोर्टांपैकी एक-दोनांशेजारीच बारीक अक्षरांत ४के १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं. कित्येक मॉडेलांत त्यातल्याच एकावर 'ईआर्क' असतं, म्हणजे साउंडबार तिथेच लागणार. दोन कन्सोल असतील तर एकाला धीम्या पोर्टावर जावं लागणार. व्हीआरआरही विचारा. प्लेस्टेशन ५ ला ती सोय एप्रिल २०२२ च्या अपडेटने मिळाली. फ्रेमांचा वेग खालीवर झाला तरी पडदा त्याच्याशी जुळवून घेतो आणि चित्र फाटत नाही. केबल मात्र वेगळी विकत घेऊ नका. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात चालणारी येते.

गेम मोड चालू करा, त्याला पैसे पडत नाहीत. तो बंद आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय चालू, अशा अवस्थेत अनेक टीव्हींवर बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत शंभर मिलिसेकंदांच्या पुढेमागे जातात. यालाच लॅग म्हणतात. म्हणजे १२० हर्ट्झचे पैसे पाण्यात.

बजेट कमी आहे? मग ६० हर्ट्झचा, कमी लॅगचा ४३ इंची ४के घ्या, लाज कसली त्यात! घरात अजून प्लेस्टेशन ४ असेल तर फुल एचडी पुरे, नवा टीव्ही घेऊच नका. एकच गोष्ट टाळा. ३२ इंची 'एचडी रेडी'. त्यात बहुधा १३६६ बाय ७६८ पिक्सेल असतात आणि आजच्या गेममधली बारीक अक्षरं त्यावर वाचवत नाहीत. पोरं पडद्याला नाक लावून बसतात, आणि आपण ओरडतो पोरांवर.

दुकानात कन्सोल जोडून दाखवायला सांगा. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुटची माहिती देणारं पान आहे. टीव्हीला किती हर्ट्झ पोहोचू शकतात ते तिथे स्पष्ट लिहिलेलं दिसतं. दुकानदार जोडून दाखवायला तयार नसेल तर बिलावर लिहून मागा : नेटिव्ह १२० हर्ट्झ, पोर्ट क्रमांक अमुक. तेही लिहून देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.