प्रयोग क्रमांक १ : तासाच्या सुरुवातीला प्रश्न विचारणे

(नववी-दहावीला विज्ञान भाग १ शिकवणाऱ्या नवोदित शिक्षकांसाठी. प्रयोगवहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यावे. खाडाखोड करू नये.)

उद्देश

रोज तासाची पहिली ५ मिनिटे फळ्यावर एक प्रश्न लिहून वर्ग शांत करणे आणि त्या शांततेत हजेरी उरकणे. 'विद्यार्थ्यांची जिज्ञासा जागृत करणे' हाही उद्देश पाठ टाचणात नोंदवावा. तो नोंदवण्यासाठीच असतो. प्रत्यक्ष कृतीशी त्याची गल्लत करू नये.

साहित्य

फळा, खडू, डस्टर (सापडल्यास), हजेरीपट, ६० ते ७० पटाचा एक वर्ग आणि एक प्रश्न. शेवटची वस्तू फुकट मिळते, त्यामुळे तिची तयारी वर्गाच्या दाराशी पोहोचेपर्यंत केली नाही तरी चालते.

तत्त्व

तास ३५ मिनिटांचा असतो. खेळाच्या तासाहून आलेला वर्ग हा न्यूटनच्या पहिल्या नियमाचा चालताबोलता पुरावा असतो: बाहेरून असंतुलित बल लागल्याखेरीज तो आपली गतिमान अवस्था सोडत नाही. हे बल पूर्वी छडीतून मिळे. छडी गेल्यापासून ते फळ्यावरच्या प्रश्नातून मिळवावे लागते.

या कल्पनेत नवीन काही नाही. बी.एड.च्या सराव पाठात 'पूर्वज्ञान' नावाखाली आपण सर्वांनी हेच केले आहे. टाचणात डावीकडे शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडे विद्यार्थ्याचे अपेक्षित उत्तर. चार-पाच पायऱ्या चढून मूल 'प्रकाश' या शब्दापाशी पोहोचायचे आणि आपण वळून फळ्यावर 'प्रकाशाचे अपवर्तन' लिहायचे. मूल वेगळ्याच ठिकाणी पोहोचले तर काय करायचे, यासाठी टाचणात रकाना नव्हता. म्हणून मुलांना उत्तरे आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली असत.

बालभारतीच्या पुस्तकातही 'थोडे आठवा', 'सांगा पाहू!', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी जागोजागी आहेत. वाचन करून घेताना त्यांना वळसा घालून पुढच्या परिच्छेदावर कसे जावे, हे अनुभवी सहकाऱ्यांकडून शिकून घ्यावे. मुले त्या चौकटींपाशी अडकली, की पाठ्यक्रम मार्चपर्यंत संपत नाही.

कृती

१. जागा ठरवणे. फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर. उजवीकडे सुविचार. प्रश्न मधोमध, पण डस्टरच्या टप्प्यात लिहावा. सुविचार आठवडाभर राहिला तरी हरकत नाही. प्रश्न मात्र दहाव्या मिनिटाला पुसला गेला पाहिजे, कारण पुढे आकृती काढायची असते.

२. प्रश्नाची निवड. उत्तम प्रश्नाची तीन लक्षणे असतात. त्याचे उत्तर एका ओळीत मावते, ते गाईडमध्ये असते आणि गेल्या वर्षीही तेच होते. उदाहरणार्थ, 'वेग म्हणजे काय?', 'ओहमचा नियम सांगा', 'बलाचे एसआय एकक कोणते?' शेवटचा प्रश्न विशेष गुणकारी आहे. उत्तर ठाऊक नसेल तर 'न्यूटन' म्हणावे, हे मुलांना सातवीतच कळलेले असते. बलाचे एकक विचारा किंवा गुरुत्वाकर्षण कोणी शोधले ते विचारा, उत्तर लागू पडते आणि सर्वांचा आत्मविश्वास वाढतो.

२८ फेब्रुवारीला 'राष्ट्रीय विज्ञान दिन कधी असतो?' हा प्रश्न घ्यावा. उत्तर डाव्या कोपऱ्यात आधीच लिहिलेले असते.

३. वाट पाहणे. ही पायरी टाळावी. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून प्रश्न आणि शिक्षकाचे पुढचे वाक्य यांतले अंतर मोजले. ते साधारण १ सेकंद भरले. हेच अंतर ३ सेकंदांपर्यंत ताणले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली, 'माहीत नाही' कमी झाले आणि मुले उलट प्रश्न विचारू लागली. म्हणजे सव्वा सेकंदाच्या पुढे धोका सुरू होतो. ज्यांना मनात आकडे मोजायची सवय आहे, त्यांनी ती मोडावी.

४. उत्तर घेणे. पहिल्या बाकावर एक हात प्रश्न पूर्ण होण्याआधीच वर असतो. उत्तर त्याच हाताकडून घ्यावे. मग वर्गाकडे पाहून 'कळलं सगळ्यांना?' असे म्हणावे. 'होऽऽ' असा एकसुरी आवाज येतो. हा ध्वनी ज्ञानाचा समजावा. खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरून तो थोडा उशिरा येतो, पण प्रतिध्वनी तसाच असतो.

५. नोंद. प्रश्नासह फळ्याचा फोटो काढून 'आजचा उपक्रम' म्हणून शाळेच्या ग्रुपवर टाकावा. मॉनिटरला फळ्याशेजारी उभे केल्यास ज्ञानरचनावाद दिसतो.

या प्रयोगात वर्ज्य असलेले प्रश्न

प्रयोग फसण्याचे मूळ बहुतेक वेळा प्रश्नातच असते. नमुन्यादाखल एक प्रकरण सविस्तर देत आहोत.

डिसेंबर महिना, सकाळची शाळा. 'उष्णता' हा धडा चालू. शिक्षकाने उत्साहाच्या भरात फळ्यावर लिहिले: 'बाकाची लोखंडी पट्टी जास्त थंड आहे की लाकडी फळी? हात लावून सांगा.' सत्तर मुलांनी बाकांना हात लावले. एकमताने निकाल आला, लोखंड. इथपर्यंत सर्व ठीक होते. शिक्षकाने 'बरोबर' म्हणून हजेरी सुरू केली असती, तर प्रयोग यशस्वी झाला असता. पण त्याने प्रयोगशाळेतून तापमापी आणलेली होती. आधी पट्टीला लावली, मग फळीला. दोन्हीकडे १६ अंश. वर्गात कुजबुज झाली. 'सर, थर्मामीटर बिघडलाय.' दुसरा आणला. पुन्हा १६.

आता सर्वांना कारण हवे. लोखंड हातातली उष्णता लाकडाच्या शेकडो पट सहज वाहून नेते, म्हणून ते थंड लागते. आपल्या हाताला तापमान कळत नाही, उष्णता किती वेगाने जाते किंवा येते तेवढेच कळते. शिक्षकाने हे सांगितले आणि तो हजेरीपटाकडे वळला. तेवढ्यात नागपूरला मामा असलेल्या एका मुलाने, मे महिन्यात तिथे सावलीतली दाराची कडीसुद्धा लाकडी दारापेक्षा गरम का लागते, याचे उत्तर त्याच नियमाने स्वतःच देऊन टाकले: तिथे हवाच अंगापेक्षा गरम, म्हणून उष्णता उलटी हातात येते आणि लोखंडातून भरभर येते. एवढ्यावरही भागले असते. पण तिसऱ्या बाकावरची, वर्षभरात तोंड न उघडलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हाताला तापमान कळत नाही, मग थर्मामीटरला कसं कळतं?"

या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये नाही. ते असे की, तापमापीलाही बाकाचे तापमान थेट कळत नाही, तिला फक्त स्वतःचे कळते. ती बाकाइतकी थंड होईपर्यंत धरून ठेवावी लागते आणि मगच आकडा वाचायचा असतो. हात मात्र कधीच बाकाइतका थंड होत नाही, कारण शरीर त्याला उष्णता पुरवत राहते. हे फळ्यावर पोहोचेपर्यंत घंटा झाली. हजेरी राहिली. 'अप्रकट उष्मा' राहिला. त्या दिवशी ग्रुपवर फोटोही गेला नाही.

याच जातीचे आणखी काही प्रश्न ओळखून ठेवावेत.

(अ) वहीचे पान जमिनीवर आधी पडते की वही? मुले वही म्हणतात. मग कोणीतरी वहीपेक्षा लहान कागद वहीच्या पाठीवर ठेवून दोन्ही एकत्र सोडतो आणि कागद वहीबरोबरच खाली येतो. लगेच दुसरा हरकत घेतो, की वहीने हवा बाजूला केली म्हणून कागदाचे फावले. आता त्याला हवा नसलेली जागा दाखवावी लागते. अशी जागा जवळपास नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकाच वेळी खाली टेकले. त्याची चित्रफीत दाखवायला घ्यावी, तर शाळेचा प्रोजेक्टर सुरू होण्यातच तास संपतो.

(आ) काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगतो आहे, तो वितळल्यावर पाणी सांडेल का? सांडत नाही, कारण बर्फ वितळून झालेले पाणी त्याने सारलेल्या पाण्याइतकेच असते. पण लगेच कोणीतरी विचारतो, की मिठाच्या पाण्यात केले तर? तिथे थोडे सांडते. खारे पाणी जड, म्हणून बर्फ तिथे कमी पाणी सारतो, आणि वितळल्यावर मात्र गोडे पाणी जास्त जागा घेते. हे दोन वेळा समजावावे लागते, त्यातले एकदा स्वतःला.

(इ) थंडीत खोबरेल तेल थिजायला लागले, की थिजलेला भाग वर येतो की तळाशी जातो? तो तळाशी जातो. मग बर्फ वर का तरंगतो? यातून पाण्याचे असंगत आचरण आणि होपचे उपकरण आपोआप निघते, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी वर्गात अठरा तेलाच्या बाटल्या येतात आणि त्यांतली एक दप्तरात सांडलेली असते.

अशा प्रश्नांची लांबी आधी सांगता येत नाही, हा त्यांचा मुख्य दोष. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना सी. व्ही. रामन यांनी भूमध्य समुद्र पाहून 'समुद्र निळा का?' असा एक प्रश्न स्वतःला घातला. आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे उत्तर तयार होते आणि एका ओळीत मावत होते. त्यांना ते पटले नाही. प्रकरण १९२८ पर्यंत चालले. १९३० मध्ये नोबेल मिळाले हे खरे, पण सात वर्षांत त्यांच्यावर पाठ्यक्रम पूर्ण करण्याची जबाबदारी नव्हती, हे लक्षात घ्यावे.

निरीक्षण

सुरक्षित प्रश्नानंतर वर्ग ४ मिनिटे शांत राहतो, हजेरी पूर्ण होते, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारल्यास तोच एक हात वर येतो. वर्ज्य प्रश्नानंतर वर्ग गोंगाट करतो. मात्र या गोंगाटात 'कारण' आणि 'पण' हे शब्द वारंवार ऐकू येतात, तर ऑफ तासाच्या गोंगाटात ते येत नाहीत. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना हा फरक भिंतीतून ऐकू येत नाही, त्यामुळे तक्रार दोन्ही वेळा सारखीच होते.

अनुमान

प्रश्नाचा उपद्रव त्याच्या अवघडपणावर अवलंबून नसतो. 'प्लँकचा स्थिरांक सांगा' हा अवघड प्रश्न पूर्णपणे निरुपद्रवी आहे. मुलाला स्वतःच्या उत्तराची खात्री आहे आणि ते उत्तर चूक निघते, अशा प्रश्नानेच वर्ग जागा होतो. एकदा जागा झालेला वर्ग हजेरीच्या वेळी झोपत नाही.

दक्षता

१. मुलांना आपापसात बोलू देऊ नये. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९१ पासून नेमके हेच करू देतात: प्रश्न घालायचा, प्रत्येकाने उत्तर निवडायचे, मग शेजाऱ्याला पटवायचे आणि पुन्हा निवडायचे. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरे वाढतात. आपल्याकडे शेजाऱ्याशी बोलणाऱ्याचे नाव मॉनिटर फळ्यावर लिहितो, त्यामुळे ही पद्धत अवलंबल्यास फळा अपुरा पडेल.

२. चुकीचे उत्तर देणाऱ्याला 'असं का वाटलं तुला?' असे विचारू नये. तो सांगू लागतो, आणि बऱ्याचदा त्याचे म्हणणे ॲरिस्टॉटलशी जुळते. मग ते खोडायला गॅलिलिओला बोलवावे लागते.

३. उत्तर येत नसल्यास 'उद्या सांगतो' म्हणावे आणि उद्या विसरावे. 'मलाही ठाऊक नाही, उद्या आपण करून पाहू' हे वाक्य चुकूनही उच्चारू नये. ते ऐकलेली मुले दुसऱ्या दिवशी साहित्य घेऊन येतात.

४. मुख्याध्यापक तपासणीला येणार असतील त्या दिवशी बलाचे एकक विचारावे.

तोंडी परीक्षा (५ गुण)

१. बलाचे एसआय एकक सांगा. (१ गुण)

२. पृथ्वी १०० ग्रॅमच्या सफरचंदाला खाली ओढते, तेव्हा सफरचंद पृथ्वीला किती बलाने वर ओढते? (१ गुण. विद्यार्थी नुसते 'न्यूटन' म्हणाल्यास पूर्ण गुण द्यावेत. उत्तर जवळजवळ १ न्यूटनच येते, आणि त्याला ते ठाऊक होते की नाही हे सिद्ध करता येत नाही.)

३. दारे-खिडक्या बंद असलेल्या रिकाम्या वर्गात पंखा रात्रभर चालू राहिला. सकाळी वर्ग गार झालेला असेल की गरम? कारण सांगा. (३ गुण. बहिःस्थ परीक्षकांनी हा प्रश्न आपल्या परतीच्या एसटीची वेळ पाहूनच विचारावा.)