चकचकीत बसथांब्यास खुले पत्र

श्री. रा. रा. स्टीलचे बसथांबे यांसी,
सा. न. वि. वि.

आपण आमच्या पुण्यातल्या रस्त्यावर अवतरलात, तेव्हा आपल्या स्वागतासाठी रस्ता रुंद झाला आणि त्या ओघात कडेचा जुना कडुनिंब गेला. त्याच्या जागी आपण उभे: झळाळते खांब, वर पत्र्याची वळणदार पट्टी, पाठीला रात्रभर उजळणारा जाहिरातीचा फलक. सध्या त्यावर एसीची जाहिरात आहे. भर वैशाखात रजई पांघरून हसणारे सुखी कुटुंब. आपल्या विनोदबुद्धीला मुजरा!

आपण सावली देत नाही, असा खोटा आळ आम्ही घेणार नाही. देता की! फक्त दुपारी चारला, ऊन पश्चिमेकडून तिरपे येते तेव्हा, ती आपल्या मागच्या गटाराच्या झाकणावर पडते. झाकण सुखात असते. आम्ही प्रवासी शेजारच्या विजेच्या खांबाच्या बोटभर सावलीत एकामागे एक उभे राहतो. पुणेकरांना रांगेत उभे करणे भल्याभल्यांना जमले नव्हते; ते आपण करून दाखवलेत.

आपल्या बाकाबद्दल काय बोलावे? उघडे स्टील उन्हात तापते आणि मिळवलेली उष्णता चटकन सोडत नाही. माणूस टेकला की मात्र ती त्याला तत्परतेने देऊन टाकते. लाकूड तेवढेच तापले तरी असा चटका देत नाही, पण लाकडाला आपली झळाळी कुठली! मे महिन्यात आपल्या बाकावर आजीबाई सोडा, भटके कुत्रेही बसत नाही. बाक त्यामुळे स्वच्छ राहतो, हे मान्य.

आता एक गोष्ट मनाला लागली, ती सांगतो. शिवाजीनगरला सिमला ऑफिसात हवामान खात्याचे लोक आहेत. तापमान मोजायची जगभरची रीत अशी, की तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत ठेवायचा. ऊन आत येता कामा नये, वारा मात्र खेळता हवा. ही पेटी घडवली थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे बातम्यांत ‘आज पारा ४०’ असे सांगतात, तो आकडा सावलीतला असतो. आमच्या डोक्यावर थेट ऊन, पायाखालच्या डांबराची धग आणि आपल्या पत्र्याची आच हे सगळे त्या आकड्यात धरलेले नसते. तापमापकाला सावली आणि माणसाला पत्रा, ही वाटणी कोणी केली?

‘उन्हाळा काय आजचा आहे?’ असे आपण विचाराल. आजचा नाही, पण आता तो होळीचीही वाट पाहत नाही. सरासरी तापमान पाहता २०२५चा फेब्रुवारी हा १९०१पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. आणि सावली ही चैनीची वस्तू नव्हे. एप्रिल २०२३मध्ये खारघरच्या मैदानावर उघड्यावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण गेले. टोपी, उपरणे, सनकोट, ताक, खिशातला कांदा असे सगळे उपाय आम्ही आपापल्या परीने करतोच. पण वीस मिनिटे बसची वाट पाहणाऱ्या माणसाने आपले छप्पर घरून आणावे, असे तिकिटावर कुठे छापलेले नाही.

अर्थात, आपण पडलात निर्जीव. तेव्हा हे पत्र आपल्या मार्फत, आपला नकाशा मंजूर करणाऱ्या वातानुकूलित दालनाकडे जावे. मागणी मोठी नाही. छप्पर रुंद करा आणि वरून पांढरे रंगवा. पश्चिमेच्या बाजूला झडपा लावा, बाक लाकडाचा करा, आणि उरलेल्या झाडांना हात न लावता थांबा त्यांच्याखाली न्या. तापमापकाला जी सोय गेले शतकभर मिळते आहे, तेवढीच तिकीट काढणाऱ्या माणसाला द्या.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, सावली असावी.

आपला,
खांबाच्या सावलीतला एक प्रवासी