कान नसलेला कप

शहरातल्या पुष्कळशा मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत एक कप असा असतो, की जो इतर कपांच्या रांगेत बसत नाही. लग्नात आलेल्या सेटमधला तो शेवटचा वारस. भावंडं केव्हाच फुटून गेली, ह्याचा नुसता कान गेला. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेली, काठाचा टवका उडालेला. त्याची जागा मांडणीवर नसते; खिडकीच्या गजांशी, भांड्यांच्या साबणाशेजारी तो एकटाच पालथा पडून असतो. हा कप कामवाल्या मावशींचा, असं घरात कुणी कुणाला कधी सांगितलेलं नसतं. तरी माहेरपणाला आलेल्या लेकीपासून चार दिवसांच्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना ते आपोआप कळतं. जुन्या वाड्यात कुणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं हे असंच कळायचं, पाटी न लावता.

चहा मात्र फक्कड असतो, हेही सांगायला हवं. आलं असतं, गवती चहा असतो, साखर चमचाभर जास्तच, कारण ‘कष्टाचं काम आहे हो तिचं’. मावशी पावसात भिजून आल्या तर पंचा पुढे होतो, ताप असला तर गोळी. पोरीच्या फीसाठी उचल मिळते आणि ती परत मागायला घरातल्या सगळ्यांनाच लाज वाटते. माझ्या ओळखीच्या एक आजी मावशींचा नवरा गेला तेव्हा गुडघे धरत धरत वस्तीत गेल्या, त्यांच्या घरी पाणी प्यायल्या, तासभर हात हातात धरून बसल्या. तेराव्यानंतर मावशी कामावर आल्या, तेव्हा आजींनी डोळे पुसत त्यांच्यासाठी आधी चहा टाकला. तो चहा उतू जाईपर्यंत मायेने भरला, आणि भरला त्याच कान नसलेल्या कपात. मला त्या मायेबद्दल तिळमात्र शंका नाही. माझं सगळं कुतूहल कपाबद्दल आहे.

कारण हिशेब काही केल्या जुळत नाही. घराची किल्ली मावशींकडे असते. तान्हं बाळ त्यांच्या खांद्यावर झोपतं. कणीक त्या तिंबतात, आणि ती पोळी आपण तूप लावून खातो. घरातले सगळे कप विसळतातही त्याच. आपला कप त्यांच्या हातून निघाला की स्वच्छ होतो. त्यांचा कप त्याच हातांनी, त्याच साबणाने निघतो आणि खिडकीत जातो. ह्या रसायनाचा उलगडा विचारलात, तर उत्तरं मोठी लडिवाळ येतात. ‘तिलाच तो आवडतो.’ ‘मोठा आहे, चहा जास्त मावतो.’ सगळ्यांत मला आवडलेलं उत्तर असं, की कान नसला म्हणजे दोन्ही हातांना ऊब मिळते. बऱ्याच घरांत आता मावशींची जात कुणी विचारत नाही. मावशी मराठा असोत, बौद्ध असोत, मुसलमान असोत, कप तोच. समता आली आहे ती एवढ्यापुरती.

तसं चहाच्या कपाने आपल्याकडे मोठमोठ्यांची तारांबळ उडवलेली आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद ह्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. टिळक, रानडे, गोखले अशी मंडळी हजर होती. कुणी प्यायले, कुणी मान राखण्यापुरता कप हातात घेतला. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपण ही हकीकत हसत हसत वाचतो. वाचताना बहुधा आपल्या हातात चहाच असतो, कानाच्या कपातला.

ज्यांच्यासाठी हॉटेलाबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे, त्यांना मात्र हसण्याची सवड नव्हती. ती आपणच विसळून घ्यायची, पिऊन झाल्यावर आपणच विसळून ठेवायची. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक हॉटेलातली भांडी वापरायला मज्जाव करणं हा गुन्हा ठरवला. तरीही पुढे कितीतरी वर्षं ती कपबशी जागच्या जागी होती. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त तिच्याविरुद्ध पोलिसांत केलेल्या तक्रारीची हकीकत आहे. कायदा असा निदान हॉटेलच्या गल्ल्यापर्यंत पोचला. आपल्या ओट्यापाशी यायचं तर त्याला दारावरची बेल वाजवावी लागेल, आणि दुपारी एक ते चार बेल वाजवू नये अशी पाटी आहे.

गजांतल्या त्या कपाकडे बघताना मला मावशींच्या डोक्यातला कारभार आठवतो. कुणाकडे पोळीला तेल चालत नाही, कुणाचे आजोबा गोळी विसरतात, कुठल्या घरात सध्या नवरा-बायको बोलत नाहीत म्हणून तिथे केर आवाज न करता काढायचा, हे सगळं त्यांना पाठ. शिवाय वस्तीतली भिशी त्याच चालवतात, तोंडी, वहीशिवाय, आणि कुणाचा रुपया इकडचा तिकडे होत नाही. त्यांची शाळा चौथीला सुटली, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. एवढी हुशार बाई आपल्या स्वयंपाकघरात ओट्याशी टेकून चहा पिते, आणि आपण कौतुकाने म्हणतो, ‘बाई अगदी घरच्यासारखी आहे हो.’ त्या ‘सारखी’मध्ये तो कप नेमका मावतो.

तुमच्या घरी असा कप असेल, तर तो काढून टाकताना समारंभ मात्र करू नका. मावशींना समोर बसवून भाषण नको, फोटो तर नकोच. तो सोहळा पुन्हा आपल्याच कौतुकाचा होतो. जुन्या कपात टूथब्रश ठेवा, ओव्याचं रोप लावा, हवं ते करा. उद्या चहा झाला की मांडणीवरचा हाताला येईल तो कप भरा, ओट्यावर ठेवा आणि आपल्या कामाला लागा. पहिल्या दिवशी मावशी थोड्या बिचकतील. चहा तेवढा गरम असू द्या.